यंत्राआधी रुग्ण : अतिदक्षता विभागातील परिचर्येचे पहिले पाठ

रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात रुग्णाची प्रकृती बिघडण्यास बहुधा काही तास किंवा काही दिवस लागतात. अतिदक्षता विभागात ती काही मिनिटांत पालटू शकते. डॉक्टर या विभागात दिवसातून अनेकदा येतात, तपासतात, उपचार ठरवितात आणि पुढील रुग्णाकडे जातात. खाटेपाशी सतत उभी असते ती परिचारिका. रुग्णाच्या प्रकृतीतील बदल सर्वप्रथम तिच्याच दृष्टीस पडला पाहिजे, आणि तो योग्य वेळी योग्य व्यक्तीच्या कानी गेला पाहिजे. विभागातील सर्व यंत्रसामग्रीचा उपयोग अखेर या दोन गोष्टींवर अवलंबून असतो.

परिचर्येच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थिनींना आणि विद्यार्थ्यांना प्रशिक्षणकाळात या विभागात काम करावे लागते. त्यांतील अनेक जण खेड्यापाड्यांतून, मराठी माध्यमातून शिकून आलेले असतात. अखंड वाजणारे गजर, नळ्यांनी वेढलेले रुग्ण आणि पडद्यावर क्षणोक्षणी बदलणारे आकडे पाहून पहिल्या दिवशी मन गोंधळून जाणे स्वाभाविक आहे. आपल्याला यंत्रे कधी समजणार, ही चिंता बहुतेकांना ग्रासते. परंतु यंत्रे सरावाने समजतात. त्याआधी शिकावयाचे असते ते रुग्णाकडे पाहणे, आणि तो पाठ पहिल्या दिवसापासून गिरवता येतो.

विद्यार्थ्यांच्या हातांवर उभा राहिलेला विभाग

अतिदक्षता विभागाचा इतिहास नवशिक्यांना धीर देणारा आहे. सन १९५२ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण तेथील ब्लेगडाम रुग्णालयात मोठ्या संख्येने येऊ लागले. रुग्णालयात 'लोखंडी फुप्फुस' म्हणून ओळखले जाणारे मोठे श्वसनयंत्र एकच होते. छातीवर बसविण्याची लहान यंत्रे सहा होती. या यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी वेगळा मार्ग सुचविला. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवावयाची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरावयाची, असा तो मार्ग होता.

उपाय लागू पडला, परंतु पिशव्या दाबण्यास अहोरात्र माणसे हवी होती. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले आणि परिचारिकांच्या साथीने त्यांनी अनेक आठवडे हे काम केले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून पुष्कळ खाली आले. पुढील वर्षी, १९५३ मध्ये, याच शहरात इब्सेन यांनी गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. आधुनिक अतिदक्षता विभागाचा प्रारंभ तेथून मानला जातो.

आज प्रत्येक खाटेजवळ टांगलेली अंबू पिशवी काही वर्षांनी डेन्मार्कमध्येच तयार झाली. व्हेंटिलेटर बंद पडल्यास ती अजूनही रुग्णाचा प्राण वाचविते. म्हणून ड्यूटीवर आल्यावर विद्यार्थ्याने तपासावयाच्या पहिल्या वस्तूंत तिचा समावेश असावा : ती जागेवर आहे काय, मुखवटा योग्य मापाचा आहे काय, ऑक्सिजनची नळी जोडलेली आहे काय.

पाहण्याचा क्रम

खाटेजवळ गेल्यावर दृष्टी आपोआप मॉनिटरच्या पडद्याकडे वळते. ही सवय आरंभीच मोडली पाहिजे. प्रथम रुग्णाचा चेहरा पाहावा. तो जागा आहे की गुंगीत, अस्वस्थ आहे की शांत, ओठ व नखे निळसर आहेत काय, कपाळावर घाम आहे काय, हे न्याहाळावे. नंतर छाती पाहावी : दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातात काय, श्वास घेताना मानेचे स्नायू ताणले जातात काय. हाताने त्वचेचा स्पर्श घ्यावा. हातपाय गार पडणे ही रक्ताभिसरण मंदावल्याची खूण असू शकते. त्यानंतर रुग्णापासून यंत्राकडे जाणारी प्रत्येक नळी व वायर बोटाने मागोवा घेत तपासावी. पडदा सर्वांत शेवटी पाहावा.

हा क्रम पाळण्यामागे कारण आहे. बोटाला लावावयाचे ऑक्सिजनमापक उपयुक्त असले तरी ते अनेक प्रसंगी फसविते. हात थंड असल्यास, रक्तदाब फार खालावल्यास, नखांना गडद रंग असल्यास किंवा रुग्ण थरथरत असल्यास आकडा चुकीचा येऊ शकतो. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीच्या धुरात सापडलेल्या रुग्णाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ऑक्सिजन मिळत नसतानाही मापक उत्तम आकडा दाखविते. रक्तक्षयाच्या रुग्णातही तसेच घडते. रक्तातील हिमोग्लोबिन जितके असेल तितके ऑक्सिजनने भरलेले आहे एवढेच मापक सांगते. मुळात हिमोग्लोबिन किती कमी आहे हे ते सांगत नाही.

गजर वाजला की तो बंद करण्याकडे हात जातो. गजराचे कारण समजल्याखेरीज तो कधीही बंद करू नये. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा ऑक्सिजन एकाएकी घसरल्यास चार शक्यता क्रमाने तपासण्याची पद्धत सर्वत्र शिकविली जाते : श्वासनलिकेतील नळी जागेवरून सरकली काय, ती कफाने तुंबली किंवा दुमडली काय, फुप्फुसाभोवती हवा साठली काय, आणि यंत्रातच बिघाड झाला काय. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीकडून या प्रश्नांची उत्तरे अपेक्षित नाहीत. तिच्याकडून अपेक्षा आहे ती एवढीच, की तिने रुग्णाजवळून न हलता मोठ्याने मदत मागावी.

निरीक्षणाचे सामर्थ्य किती असते याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने अनेक मृत्यू होत असत. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून महाड परिसरात, आधुनिक साधने हाताशी नसताना, अशा रुग्णांच्या उशाशी तासन् तास बसून घाम, नाडी, रक्तदाब, गार पडणारे हातपाय आणि फुप्फुसात साठणारे पाणी यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने या दंशातील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. सन २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या कार्याचा पाया उशाशी बसून केलेल्या नोंदी हाच होता.

रुग्णाची भाषा

शुद्धीचे मोजमाप करण्यासाठी ग्लासगो मापनपद्धती वापरली जाते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे टीसडेल व जेनेट या दोन डॉक्टरांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्यास ४, बोलण्यास ५ आणि हालचालीस ६ असे जास्तीत जास्त १५ गुण असतात; कमीत कमी गुण ३. गुण दोनने जरी घसरले तरी तत्काळ कळविणे आवश्यक असते, कारण मेंदूतील रक्तस्राव किंवा सूज वाढत असल्याची ती सूचना असू शकते.

या पद्धतीत एक अडचण आहे, जिच्याकडे पाठ्यपुस्तकात फारसे लक्ष वेधलेले नसते. बोलण्याचे आणि आज्ञापालनाचे गुण रुग्णाला प्रश्न समजला या गृहीतावर दिले जातात. मेळघाटातील कोरकू भाषक वृद्धेला, गडचिरोलीतील माडिया वा गोंडी बोलणाऱ्या तरुणाला किंवा नंदुरबारच्या डोंगराळ भागातील भिली भाषक मातेला कोणी प्रमाण मराठीत, हिंदीत अथवा इंग्रजीत प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, तर दोष मेंदूचा की भाषेचा हे ठरविणे कठीण होते. गुण कमी लिहिले जातात आणि उपचाराची दिशा चुकू शकते. अशा वेळी नातेवाइकाला आत बोलावून त्याच्या तोंडून प्रश्न विचारावा. हात वर करणे, बोट दाबणे, डोळे मिटणे या साध्या आज्ञांचे शब्द त्याच्याकडून शिकून घ्यावेत आणि तक्त्यावर लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या पाळीलाही ते उपयोगी पडतात. तोंडात नळी असलेल्या रुग्णाला बोलता येत नाही. तेथे अंदाजाचा आकडा न लिहिता नळी असल्याची खूण करावी.

तो ऐकत असतो

ग्रामीण महाराष्ट्रातील अतिदक्षता विभागांत दोन प्रकारचे रुग्ण वारंवार येतात : सर्पदंशाचे आणि कीटकनाशकाच्या विषबाधेचे. दोहोंत परिचर्येची कसोटी लागते.

मण्यार हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावतो. दंशाच्या जागी वेदना व सूज जवळजवळ नसते. काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या अशा रुग्णाला बोटही हलविता येत नाही, पापणी उचलता येत नाही. पाहणाऱ्याला तो मृतवत् वाटतो. तरीही त्याची शुद्ध शाबूत असू शकते, कारण विषाचा आघात नसा व स्नायूंच्या सांध्यावर होतो, मेंदूवर नाही. खाटेपाशी कोणी काय बोलले, कोण रडले, कोणी आशा सोडली, हे सर्व तो ऐकत असू शकतो. काही दिवस श्वसनाला आधार मिळाल्यास यांतील पुष्कळ रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी जातात.

म्हणून विभागातील प्रत्येक रुग्णाशी, तो उत्तर देवो वा न देवो, नावाने बोलावे. "काका, मी कूस बदलते आहे", "मावशी, आता नळीतील कफ काढणार आहे, थोडा त्रास होईल", असे आधी सांगून मग हात लावावा. वार, वेळ आणि ठिकाण सांगावे. त्याच्या प्रकृतीविषयीची चर्चा त्याच्या उशाशी करू नये.

फवारणीच्या औषधांपैकी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील विषांचा रुग्ण आला की प्रथम त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे लागते. हे काम करणाऱ्याने हातमोजे व एप्रन घालणे अत्यावश्यक आहे, कारण विष त्वचेतूनही शरीरात शिरते. अॅट्रोपिन चालू असताना छातीतील घरघर कमी होते काय, नाडी व रक्तदाब कसे आहेत, रुग्ण बरळू लागला काय, यांकडे लक्ष ठेवावे. पहिला धोका टळला असे वाटत असतानाच साधारण एक ते चार दिवसांत या रुग्णांचे स्नायू दुर्बल होऊन श्वास थांबू शकतो. ते ओळखण्याची सोपी परीक्षा आहे : रुग्णाला उशीवरून डोके उचलावयास सांगावे. काल उचलता येत होते आणि आज येत नाही, तर डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. या परीक्षेला कोणतेही यंत्र लागत नाही. प्रत्येक पाळीत ती आठवणीने केली पाहिजे.

नित्यकर्मांचे महत्त्व

हात धुणे, तोंड स्वच्छ करणे, कूस बदलणे ही कामे विद्यार्थ्यांना दुय्यम वाटतात, कारण ती त्यांच्याकडेच सोपविली जातात. वस्तुतः अतिदक्षता विभागात रुग्ण दगावण्याचे एक प्रमुख कारण तेथे येऊन जडलेला जंतुसंसर्ग हे असते, आणि तो रोखणारी कामे हीच आहेत. व्हिएन्नातील इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये प्रसूतिकक्षात डॉक्टरांना हात धुण्यास लावून मृत्यूंचे प्रमाण उतरविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त वा शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबण व पाण्याने यास ४० ते ६० सेकंद, तर अल्कोहोलयुक्त द्रवाने २० ते ३० सेकंद लागतात. हातमोजे घातल्याने हात धुण्याची गरज संपत नाही.

व्हेंटिलेटरवरील रुग्णाला होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, खाटेची उशाकडील बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवावी. तोंडाची स्वच्छता नियमित करावी. श्वासनलिकेतील कफ ओढताना सक्शन एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक करू नये. जुन्या पाठ्यनिर्देशिका यासाठी एक युक्ती सांगत : सक्शन सुरू करताना आपणही श्वास रोखावा, म्हणजे रुग्णाला किती वेळ श्वासाविना ठेवले याची जाणीव राहते.

एकाच स्थितीत पडून राहिलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर व डोक्याच्या मागील भागावर शय्याव्रण होते. सामान्यतः दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, चादरीला सुरकुती राहू न देणे आणि पोषणाकडे लक्ष देणे हे त्यावरील उपाय आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या एका अचेतनप्राय सहकारिणीची १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, शुश्रूषा केली. सन २०११ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झाले नसल्याचे न्यायालयास सांगण्यात आले होते. परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी पाळीपाळीने केलेल्या नित्यकर्माचे ते फळ होते.

औषध, आकडे आणि शंका

या विभागातील औषधे प्रभावी असतात आणि त्यांच्या मात्रेतील चुकीला क्षमा नसते. म्हणून योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ ही पंचसूत्री प्रत्येक वेळी मनाशी म्हणावी. संहत पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत टोचल्यास हृदय बंद पडते. ते पातळ करून व ठरलेल्या गतीनेच द्यावयाचे असते. इन्शुलिनबाबत आपल्याकडे विशेष सावधगिरी लागते. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० एकक आणि १०० एकक अशा दोन्ही तीव्रतेचे इन्शुलिन मिळते आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. शंभराचे इन्शुलिन चाळिसाच्या सिरिंजमध्ये भरले तर रुग्णाला अडीच पट मात्रा मिळते. कुपी व सिरिंज यांवरील आकडा जुळतो की नाही हे दोघींनी मिळून पाहावे.

साधा हिशेबही कागदावर करावा. २० थेंबांचा एक मिलिलिटर होणाऱ्या संचातून ५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यावयाचे असल्यास एकूण १०,००० थेंब ४८० मिनिटांत जावे लागतात. मिनिटाला सुमारे २१ थेंब पडले पाहिजेत. लघवीचे प्रमाण दर तासाला किलोमागे किमान अर्धा मिलिलिटर असावे, हा सर्वसाधारण दंडक आहे. ५० किलो वजनाच्या रुग्णाला ताशी २५ मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग होऊ लागली तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता कळवावे.

कळविताना चार गोष्टी क्रमाने सांगाव्यात : आता काय घडले आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, आपल्याला काय आढळले, आणि आपली अपेक्षा काय. "खाट चारचा रुग्ण बरा दिसत नाही" या वाक्याने डॉक्टरांना काहीच बोध होत नाही. "खाट चार, विषबाधेचा तिसरा दिवस, सकाळी डोके उचलत होता, आता उचलत नाही, श्वास मिनिटाला ३२, आपण येऊन पाहावे" या वाक्याने ते धावत येतात. नोंद करताना वेळ लिहावी, जे पाहिले ते लिहावे आणि काम केल्यानंतरच लिहावे. चारचे तापमान तीनलाच लिहून ठेवण्याची सवय पुढे प्राणघातक ठरते.

शंका विचारण्यात कमीपणा नाही. लिहिलेला आदेश वाचता आला नाही, मात्रा जास्त वाटली, यंत्राची कळ ठाऊक नसली, तर थांबून परिसेविकेला विचारावे. एखादी चूक घडल्यास ती लपविण्यात रुग्णाचा उपचारयोग्य वेळ वाया जातो. तत्काळ सांगितल्यास ती बहुधा सावरता येते. विद्यार्थ्याला निर्भयपणे सांगता येईल असे वातावरण ठेवणे ही मात्र वरिष्ठांची जबाबदारी आहे.

ऑक्सिजन व अग्नी

कोविड साथीच्या काळातील दुर्घटनांनी राज्याला कठोर धडे दिले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली. ७ बालकांना वाचविण्यात यश आले. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथे महापालिकेच्या रुग्णालयातील टाकीतून गळती होऊन ऑक्सिजनपुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला.

ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेल्या हवेत लहान ठिणगीही भडका घेते. म्हणून विभागात दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी चार जागा प्रत्यक्ष दाखवाव्यात : बाहेर पडण्याचे मार्ग, अग्निशामक, ऑक्सिजन बंद करण्याची चावी आणि राखीव सिलिंडर. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल वा ग्रीस कधीही लावू नये. सिलिंडरचा हिशेबही यावा. डी प्रकारच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर, तर बी प्रकारच्या लहान सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागत असल्यास लहान सिलिंडर अडीच तासांत रिकामा होतो. रुग्णाला दुसऱ्या गावी हलविताना प्रवासाचा वेळ, वाटेतील खोळंबा आणि राखीव साठा हे सर्व या हिशेबात धरले पाहिजे.

दाराबाहेरील माणसे, दाराआतील विद्यार्थी

विभागाच्या दाराबाहेर बाकावर किंवा जमिनीवर रुग्णाचे आप्त बसलेले असतात. दार उघडले की ते आशेने पाहतात. आजाराचे भवितव्य सांगण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नाही आणि तसा प्रयत्नही त्याने करू नये. परंतु "आताच अंग पुसले", "कूस बदलली", "डॉक्टर अकरा वाजता आपल्याशी बोलतील" एवढे सांगण्यास कोणतीच हरकत नाही. एवढ्या शब्दांनीही तेथील तणाव पुष्कळ निवळतो.

विद्यार्थ्याने स्वतःची काळजी घेणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. विभागात येण्यापूर्वी कावीळ ब ची लस पूर्ण झालेली असावी. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नये. सुई टोचल्यास जागा पिळू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. आयुष्यात पाहिलेला पहिला मृत्यू मनावर खोल आघात करतो. त्या रात्री विद्यार्थिनीला एकटी वसतिगृहात न पाठविता पाठ्यनिर्देशिकेने तिच्याशी बोलावे. ज्या रुग्णाची तिने सेवा केली त्याचे अंतिम सोपस्कार सन्मानाने करावयास शिकविणे, हेही एक सांत्वन असते.

संस्था, शिक्षक आणि पंचायत

विद्यार्थी शिकण्यासाठी आलेले असतात. त्यांची गणना कक्षाच्या मनुष्यबळात करणे अयोग्य आहे. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक प्रशिक्षित परिचारिका असावी, हे सर्वमान्य मानक आहे. पदे रिक्त असल्यामुळे तिच्या जागी विद्यार्थिनीला उभे केले, तर रुग्ण व विद्यार्थिनी दोघेही धोक्यात येतात. साथीच्या काळात व्हेंटिलेटर अनेक ठिकाणी पोहोचले, परंतु ते चालविणारे कुशल हात तितक्या वेगाने तयार होऊ शकले नाहीत. यंत्रांची खरेदी आणि परिचारिकांची भरती व प्रशिक्षण यांचे नियोजन म्हणूनच एकत्र व्हावयास हवे, ही गोष्ट रुग्णालयांचे अंदाजपत्रक तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ध्यानी घ्यावी. परिचर्येत उच्च शिक्षणाची वाटही आता खुली आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येसाठी नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी विज्ञान शाखेतील मुलामुलींना त्याची माहिती द्यावी.

पंचायत सदस्यांचे साहाय्य तर गावातूनच सुरू होऊ शकते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. रुग्णाबरोबर काही गोष्टी न विसरता पाठवाव्यात : साप चावल्याची वा औषध पोटात गेल्याची वेळ, कीटकनाशकाचा रिकामा डबा किंवा त्यावरील लेबल, आधीच्या दवाखान्यातील उपचाराची चिठ्ठी, चालू औषधांची पाकिटे आणि रुग्णाची बोली जाणणारा एक माणूस. साप मारण्यात अथवा पकडून आणण्यात वेळ दवडू नये. विभागातील परिचारिकेच्या हाती ही माहिती पहिल्या पाच मिनिटांत पडली, तर पुढील अनेक तासांचे काम सुकर होते.

प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणारी विद्यार्थिनी उद्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकटीच असू शकेल. तेथे कदाचित मॉनिटर नसेल, असला तरी वीज नसेल. रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची, त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलण्याची, हात धुण्याची, वेळेवर नोंद करण्याची आणि न संकोचता मदत मागण्याची सवय तिच्या अंगी बाणलेली असेल, तर त्या रात्रीही तेथील रुग्ण सुरक्षित हातांत असेल. अतिदक्षता विभागातील काही आठवड्यांच्या प्रशिक्षणातून परिचर्येच्या शिक्षकांनी साधावयाचे आहे ते हेच.